मोरीकडचा ढाळ

बायको गेली तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बसलो की उठावं वाटतं, उठलो की कुठं जावं ते सुचत नाही. जन्म कळंबच्या मोंढ्यात पोती वाहण्यात गेला आणि गुडघे तिथंच राहिले. तेव्हा हिंडणं म्हणजे तरी काय, पुढच्या खोलीच्या दारापासून भिंतीला हात लावत लावत मोरीपर्यंत जायचं, तिथं थोडं उभं राहायचं आणि तसंच परत यायचं. सून म्हणाली, “मामा, भिंतीवर तुमच्या हाताचा पट्टा उमटलाय.” उमटू दे म्हणलं.

ही पुढची खोली बायकोची. घर माझ्या नावावर, पण खोली तिच्या हट्टानं बांधलेली. तिच्या बचत गटाच्या बायका तिथं बसायच्या. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी. फरशी बसवून झाली त्या दिवशी गवंडी हातपाय धुऊन निघाला होता. हिनं भरलेली घागर आणली आणि दारात उभी राहून सगळी ओतली. पाणी सरसर मोरीकडं गेलं. एका जागी मात्र जरासं थांबलं.

“ही फरशी उचला,” ती म्हणाली.

“मावशी, सुपारीएवढं पाणी थांबलंय.”

“सुपारीएवढ्यातच डास होतेत. उचला.”

गवंड्यानं माझ्याकडं बघितलं. मी पत्र्याकडं बघितलं. फरशी उचलली गेली. तेव्हापासून त्या खोलीत पाणी कधी थांबलं नाही. रोज सकाळी दोन बादल्या ओतून, खराट्यानं रेटत ती खोली धुवायची. कुणी मधनं गेलं की ओरडायची. ती गेल्यावर जलदान विधीला माणसं तिथंच बसली. माणसं उठून गेली आणि खोली बंद झाली. कोण धुणार आणि कशाला?

दसरा झाल्यावर नात म्हणाली, “आबा, पुढची खोली आम्हाला द्या. शाळेच्या हॉलमध्ये गॅदरिंगची तालीम सुरू झाली. आमच्या रोबोटला जागाच न्हाय.”

नात माझ्या पोराची एकुलती एक, तेव्हा दहावीला. शाळेत विज्ञानाच्या मॅडमनी पोरांची एक टीम केली होती. दरवर्षी त्यांना एक खेळ नेमून येतो, त्या खेळासाठी यंत्र बनवायचं आणि थंडीत पुण्याला जाऊन इतर शाळांबरोबर खेळायचं. पोरगी त्या नादात जेवण विसरायची. माझा पोरगा वीज खात्यात नोकरीला. त्याला हा नाद बिलकूल पसंत नव्हता. दहावी झाली की पोरीला लातूरला ठेवायचं, डॉक्टरकीच्या क्लासला घालायचं, हे त्यानं ती सहावीत असतानाच ठरवलं होतं. पोरीला रक्त बघितलं की घाम फुटतो. तिला मशीनची शिकाई करायची होती. रोज जेवताना भांडण. शेवटी पोरानं ताट सारलं आणि बोलला, “यंदा पुण्यात नंबर आणून दाखव. आणलास तर तुझ्या मनासारखं. न्हाय तर मुकाट्यानं लातूर. परत हा विषय न्हाय.”

“बोललात हां पप्पा. आबांनी ऐकलंय.”

“ऐकू दे.”

मी ऐकलं होतं आणि मनात माझा वेगळाच हिशोब मांडून बसलो होतो. सरळ सांगतो. पोरगी जिंकली तर लातूरला जाणार नाही. लातूरला गेली नाही म्हणजे घरात राहील. कॉलेज कळंबातही आहे. घरात तिच्याशिवाय माझ्याशी वाकडं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. पोरगा आणि सून लई जपून बोलायचे, आणि जपून बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत. म्हणून मी कुलूप काढून दिलं.

पोरांनी फरशीवर फोमच्या चटया अंथरल्या, कडेनं प्लायवूडच्या बुटक्या भिंती उभ्या केल्या, आणि खोलीचं मैदान झालं. खेळ मला नातीनं समजावून सांगितला तो असा. मैदानात प्लास्टिकचे चेंडू पडलेले असतात. ते रोबोटनं उचलून टाकायचे. कोपऱ्यात बुटकं खोकं आहे, त्यात टाकला तर थोडे गुण. मधोमध उंच टोपली आहे, तिच्यात टाकला तर जास्त. दोन शाळा मिळून एका बाजूनं, दोन दुसऱ्या बाजूनं. आणि सुरुवातीचं अर्धं मिनिट कुणी रिमोटला हात लावायचा नाही. पढवून ठेवलंय त्याप्रमाणं रोबोटनं आपलं आपण चालायचं. ते अर्धं मिनिट ज्याचं चुकलं त्याला कुणी जोडीला घेत नाही. जोडी चांगली मिळाली नाही तर पुढं जाता येत नाही.

“म्हणजे लग्नासारखंच हाय,” मी म्हणलं.

“व्हय आबा. फक्त इथं मुलगी काय शिकलीय ते आधी बघतेत.”

हे बोलली ती तेरखेड्याची पोरगी. टीममध्ये सहा जण होते, पण आवाज हिचा. वायरी जोडायचं काम तिच्याकडं. तेरखेड्याला फटाके होतात हे सगळ्या मुलखाला माहीत, त्यामुळं तिनं वायरला वायर लावली की बाकीची पोरं कानावर हात ठेवून मागं सरायची. ती न चिडता म्हणायची, “सरा सरा, लांबून बघा.”

दुसरा एक येरमाळ्याहून एसटीनं यायचा. उंच, कमी बोलणारा. रोबोटचा हात त्यानं बनवला होता. तीन घड्या पडून आत जायचा आणि सोडला की सरकत सरकत उंच टोपलीच्या वर जायचा. रबर बदल, पट्टी घास, स्क्रू काढ, परत घाल, पोरगा दोन महिने त्या हातालाच चिकटून होता. नात प्रोग्राम लिहायची आणि रिमोट चालवायची.

मी खाटेवर बसायचो, उठायचो, चक्कर मारायचो. एकदा न राहवून सल्ला दिला. म्हणलं, “एक एक चेंडू काय उचलायलाव? चार उचला एका वेळंला. मोंढ्यात एक पोतं घेऊन दोन खेपा करणारा गडी मागंच पडतो.” पोरांनी माझा मान राखून खरंच चार उचलायला लावले. रोबोट हात वर करत गेला, करत गेला, आणि तोंडावर आपटला.

“आबा,” तेरखेड्याची म्हणाली, “याला तुमच्यासारखी मान न्हाय.”

त्यानंतर मी सल्ला दिला नाही. चहा मात्र करायला लागलो. सून म्हणायची मी करते, पण मला काहीतरी करायला पाहिजे होतं.

खोलीत एक गंमत रोज व्हायची. निसटलेला चेंडू चटईवरनं घरंगळत, कडेच्या फटीतनं बाहेर पडून, निवांत मोरीत जाऊन बसायचा. कुणीतरी “मोरी!” ओरडायचं आणि ज्याची पाळी असेल तो धावायचा. शेवटी मी बायकोचा जेवायला बसायचा पाट आणून मोरीच्या तोंडाशी आडवा लावला. मग चेंडू पाटाला येऊन थांबायचे. रोबोटही आपला आपण चालताना मोरीच्या अंगाला, उजवीकडं झुकायचा. नातीनं प्रोग्राममध्ये उजव्या चाकाला जास्त जोर दिला. दोन दिवस कमीजास्त करत बसली आणि मग तो असा सरळ गेला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत लावला, परत सरळ. मॅडमनी पेढे आणले.

पुण्याच्या आधी धाराशिवला एक सरावाची भेट ठेवलेली होती. आसपासच्या टीम तिथं जमणार होत्या. घरात बसून करायचं काय, म्हणून मीही निघालो. एसटीत नातीनं रोबोटचं खोकं मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, “ह्याचं तिकीट?”

“हाफ घ्या,” तेरखेड्याची म्हणाली. “अजून शाळंत हाय.”

गाडीभर हशा झाला. येताना कुणी हसलं नाही.

तिथला हॉल नवीन, फरशी आरशासारखी. नातीनं रोबोट मैदानात ठेवला, बटण दाबलं, हात मागं घेतले. रोबोट निघाला आणि डावीकडं वळत वळत जाऊन जोडीदार शाळेच्याच रोबोटला धडकला. दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला तर त्यानं जोडीदाराचा चेंडूच पाडला. त्या शाळेचा एक पोरगा कमरेवर हात ठेवून विचारायला लागला, “ताई, तुमचा रोबोट नक्की आमच्या बाजूनं आहे ना?”

मॅडमनी बॅटरी बदलली. तेरखेड्याचीनं सगळ्या वायरी तपासल्या. येरमाळ्याचा चाकं काढून बघत होता. कुठंच काही बिघाड नाही. नातीचा ओठ थरथरायला लागला की ती आजीसारखी हनुवटी वर करते. मी उठलो, हॉलच्या बाहेर गेलो, परत आत आलो, परत बाहेर गेलो. मॅडम म्हणाल्या, “आबा, तुम्ही बसा हो.” बसतो कसला.

घरी आल्यावर पोरांनी बूट काढायच्या आधी रोबोट खोलीत ठेवला. सुतासारखा सरळ गेला.

“घरी शेर आणि बाहेर शेळी,” तेरखेड्याची म्हणाली, पण तिचाही आवाज उतरला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चहा घेऊन गेलो तर नात चटया गुंडाळून उघड्या फरशीवर उकिडवी बसलेली. तिनं चेंडू खाली ठेवला आणि बोट काढलं. चेंडू हळूहळू निघाला, जोर धरला आणि पाटाला जाऊन लागला. तिनं तो परत आणला, दुसऱ्या जागी ठेवला. परत पाटाला.

“आबा, ही फरशी उतरती हाय.”

“मग? ढाळ असतोच फरशीला. पाणी कुठून जाईल?”

तिनं कपाळावर हात मारला, खांदे हलायला लागले. मला आधी कळलंच नाही ती का हसायलीय, आणि ती हसत नव्हतीच. हळूहळू सगळी पोरं जमली तशी तिनं सांगितलं. खोलीचा ढाळ मोरीकडं, म्हणून रोबोट मोरीकडं झुकायचा. तिनं त्याला उलट्या अंगाला जोर देऊन सरळ केला. म्हणजे तो आमच्या खोलीपुरता सरळ झाला. सपाट फरशीवर ठेवला की तो जोर उरतो आणि रोबोट डावीकडं पळतो. दोन महिने सगळी त्या चेंडूंच्या मागं मोरीकडं पळत होती. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मॅडमच्याही नाही, माझ्याही नाही. आमच्याकडं पाणी धरून ठेवते ती फरशी बिघडलेली. पाणी वाहून नेते तीच आमच्या लेखी नीट.

“मग सपाट जागा शोधू,” मॅडम म्हणाल्या. “गावात कुठंतरी असेलच.”

तो आठवडा आम्ही कळंबभर चेंडू घेऊन हिंडलो. शाळेच्या व्हरांड्यात ठेवला, चेंडू पायऱ्यांकडं गेला. विहारात ठेवला, तो दाराकडं गेला. तिथली फरशी आमच्याच गल्लीतल्या बायका धुवायच्या, बायकोही असायची, तेव्हा तिथं काय होणार ते मला आधीच कळायला पाहिजे होतं. मोंढ्यातला ओटा बघितला, तो पावसाच्या पाण्यासाठी दोन्हीकडं उतरता. मंगल कार्यालयात गेलो तर चेंडू जेवणाच्या हॉलकडं निघाला. तिथला मॅनेजर मागं उभा.

“काय करायलाव?”

“फरशी सपाट हाय का बघायलोत,” नात म्हणाली.

“आमचं बांधकाम वाकडं म्हणायचंय का तुम्हाला? पंगत उठली की सगळा हॉल धुतो आम्ही. थेंब राहत न्हाय.”

“तेच तर,” तेरखेड्याची म्हणाली, आणि मॅनेजरनं आम्हाला बाहेर काढलं.

पुण्याला जायचे दिवस जवळ यायला लागले. मला झोप नव्हती, जेवणावर मन नव्हतं. लातूरच्या होस्टेलचा फॉर्म पोरानं आणून कपाटावर ठेवला होता, येता-जाता दिसायचा. आणि अशात एका संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, “आबा, एक विचारू? या खोलीतच वरून सिमेंटचा पातळ थर दिला तर? लेव्हल लावून. खर्च शाळा करेल. खोली पक्की होईल तुमची.”

“फरशीला हात लावायचा न्हाय,” मी म्हणलं.

मला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं निघालं. मॅडमचा चेहरा उतरला. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

एसटी स्टँडपर्यंत गेलो. बाकावर बसलो, उठलो. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. मनात दोन्ही बाजूनं बोलत होतो. खोलीत आता कोण बसतंय? बचत गट दुसरीकडं भरतो. धुणारी गेली, ढाळ ठेवून काय करू? एका बाजूला दगड आणि एका बाजूला पोरीचं शिक्षण, आणि मी दगड धरून बसलो. मग वाटायचं, दगड नाही तो. घागर घेऊन उभी राहिलेली बाई आहे ती. तिचं अजून काय उरलंय? लुगडी वाटली. भांडी सुनेनं घेतली. असं करत करत अंधार पडायच्या आत परत आलो. पोरं तशीच बसलेली.

“करा काय करायचं ते,” मी म्हणलं. “उद्या गवंडी बोलवा.”

नात माझ्याकडं बघत होती. म्हणाली, “नको आबा.”

“मी सांगतोय ना.”

“तुमच्यासाठी न्हाय म्हणत मी. सिमेंट घातलं तर रोबोट या खोलीत शिकेल, आणि पुण्याची फरशी अजून कशी असेल कुणाला माहीत. तिथं परत वाकडा गेला तर? फरशीवर भरवसा ठेवायचाच न्हाय.”

“मग कशावर ठेवायचा?” येरमाळ्याच्यानं विचारलं.

ती उत्तर द्यायच्या आधी मी चपला काढून, भिंतीला हात लावून, माझ्या नेहमीच्या वाटेनं मोरीकडं निघालो होतो. पाय धुवायचे होते. वळून बघितलं तर सगळे माझ्याकडं बघायलेत.

“काय झालं?”

“आबा, थांबा. परत दारात जावा आणि परत या,” नात म्हणाली.

“येड लागलंय का?”

“या ना!”

मी गेलो, आलो. म्हाताऱ्याला चालवून बघतेत असं वाटलं, राग आला. नात सांगत होती, “आबांचे गुडघे गेलेत. आबा सरळ चालूच शकत न्हायत. सोडलं तर मधेच कुठंतरी जातेत. पण भिंत धरली की बरोबर मोरीत.”

“मोरीत नको, खोक्यात,” तेरखेड्याची म्हणाली.

मैदानाला कडेनं भिंत सगळीकडं सारखीच असते, कळंबात आणि पुण्यातही. रोबोटला मुद्दाम जरा भिंतीकडं ओढायला लावायचं, अंगाला छोटी चाकं बसवायची, आणि त्यानं भिंतीला घासत घासत कोपऱ्यातल्या खोक्यापर्यंत जायचं. ढाळ असो नसो. पोरं एवढी ओरडली की सून धावत आली. मी काही केलं नव्हतं. नुसते पाय धुवायला निघालो होतो.

पण त्यातही एक दुखणं होतं. भिंतीच्या वाटेनं गेलं की उंच टोपली लांब राहते. वर तो लांब हात असला की रोबोट भिंतीला घासताना डुलायचा, दोनदा उलटला. हात काढावा लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, “आपण उंच टोपलीच्या मागं लागायचं, की खोक्यातले थोडे गुण पण दरवेळी घ्यायचे, ते ठरवा. मोठ्या टीमना उंच टाकणारे पुष्कळ मिळतात. न चुकणारा जोडीदार मिळत नाही.”

“देखणं न्हाय तर न्हाय,” तेरखेड्याची म्हणाली. “भरवशाचं तरी दिसू.”

येरमाळ्याचा पोरगा उठला आणि बाहेर गेला. त्याची गाडी अजून यायची होती. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पिशवीतनं स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कुणी हात लावायच्या आत स्वतः तो हात रोबोटवरनं उतरवला. वर्तमानपत्रात गुंडाळला. नात म्हणाली, “सॉरी रे.” तो म्हणाला, “आखूड करतो. खोक्यापुरता.” एवढंच. बाजारातनं सरकत्या काचेच्या दाराची चाकं आणली आणि ती रोबोटच्या अंगाला बसली.

पुण्याला मीही गेलो. पोरगा म्हणाला, “आण्णा, तुमचं तिथं काय काम?” मी म्हणलं, “घरी काय काम हाय?”

तिथला हॉल म्हणजे मोंढ्याच्या दुप्पट, आणि गोंगाट लिलावाच्या वरचा. सगळ्या पोरांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. आमच्या पाळीच्या आधी नात खाली बसली, मैदानात चेंडू ठेवला आणि बोट काढलं. चेंडू जागेवर राहिला. तिनं वर बघून मला शोधलं. मी मान हलवली, उगीच.

रोबोट निघाला, भिंतीला लागला, चर्र चर्र आवाज करत कडेकडेनं गेला आणि चेंडू खोक्यात पडला. दुसऱ्या खेळात पडला. तिसऱ्यात पडला. सगळ्यात पडला. बाकीच्यांचे रोबोट उंच टाकत होते, लोक शिट्ट्या मारत होते, आणि अधूनमधून एखादा मधेच भरकटायचा. आमच्याला कुणी शिट्टी मारली नाही. दुपारी पहिल्या नंबरात असलेल्या शाळेची पोरं आमच्या टेबलापाशी आली. त्यातली एक मुलगी म्हणाली, “तुमचा रोबोट एकदाही चुकला नाही. आमच्या जोडीला याल?” तेरखेड्याचीनं तिला ऐकू जाणार नाही असं म्हणलं, “सोयरीक जमली.”

पुढची एक फेरी जिंकलो. सेमीफायनलला जोडीदाराच्या रोबोटची बॅटरीची पिन निसटली आणि तो मधोमध उभा राहिला. आमचा एकटा खोक्यात टाकत राहिला. तेवढ्यानं काय होतंय. हरलो.

येताना नात खिडकीशी बसली होती. पोरं झोपली. नंबर नाही. कपाटावरचा फॉर्म डोळ्यापुढून जात नव्हता.

घरी आल्यावर पोरानं विचारलं, “कितवा नंबर?”

“सेमीफायनलला हरलो, पप्पा.”

“म्हणजे नंबर न्हाय.”

“न्हाय.”

तो फॉर्म घ्यायला उठला. मला आजवर दोघांच्या भांडणात बोलायचं नव्हतं, कारण मी बोललो असतो तर माझ्यासाठी बोललो असतो. पण त्या वेळी तोंड उघडलंच.

“तुझा दहावीला कितवा नंबर होता रे?”

“आण्णा, त्याचा काय संबंध?”

“दोनदा बसलास. तुझ्या आईनं एकदा तरी विचारलं का कितवा नंबर? ह्या पोरीला पहिल्या नंबरवाल्यांनी बोलवून नेलं. इतक्या शाळांतनं. ह्याला नंबर म्हणत न्हायत तर कशाला म्हणतेत?”

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “तिला रक्त बघवत न्हाय हो.”

पोरगा नातीला म्हणाला, “त्याचा व्हिडिओ हाय का?” तिनं मोबाइल दिला. त्यानं बघितला. परत बघितला. वीज खात्यात असला तरी यंत्राचं त्याला कळतं. “हे रिमोटवर न्हाय?”

“न्हाय. आपलं आपण.”

“भिंतीला धरून?”

“आबांसारखं.”

तो हसला नाही, पण फॉर्म घडी करून खिशात घातला. “काय करायचंय मग तुला?”

मी मनात रस्ता मोजला. कळंबातलं कॉलेज जवळ आहे, चालत दहा मिनिटं, सकाळी जाऊन दुपारी घरी.

“डिप्लोमा,” ती म्हणाली. “पुण्याला. दहावीनंतर लगेच घेतेत. मॅडमनी सगळं सांगितलंय.”

पोरगा म्हणाला, “बघू.” त्याच्या तोंडचं बघू म्हणजे हो. पोरगी येऊन मला बिलगली. “आबा, तुमच्यामुळं!” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं मला आनंद झाला. झालाही होता. लातूर तरी जवळ होतं, हे मी बोललो नाही. बोललो असतो तर ती राहिली असती, तशी आहे ती.

पोरांनी चटया नेल्या, प्लायवूड नेलं. येरमाळ्याच्यानं तो लांब हात वर्तमानपत्रासकट माझ्या खाटेखाली ठेवला, म्हणाला पुढच्या वर्षीच्या पोरांना उपयोगी पडेल. परीक्षा आली आणि झाली. आता सुट्टी आहे. नात दिवसभर मोबाइलवर पुण्यातली कॉलेजं बघते.

काल सकाळी मी पाट उचलून मोरीचं तोंड मोकळं केलं आणि खोली धुवायला काढली. वाकवत नाही, म्हणून दारात उभं राहून बादली ओतली. पाणी गेलं. कुठंच थांबलं नाही. दुसरी बादली ओतली. नात पाय वर घेऊन खाटेवर बसली होती, ती म्हणाली, “आबा, खराटा द्या इकडं,” आणि उतरून रेटायला लागली. मी भिंतीकडं सरलो. तिला मधनं जाऊ दिलं.

आज परत स्टँडवर गेलो होतो. पुण्याच्या गाड्या कधी कधी आहेत ते चौकशीच्या खिडकीत विचारून आलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “आजोबा, कधी जायचंय?” म्हणलं, “अजून निकाल लागायचाय.” त्यांना काही कळलं नाही. मी तिथनं निघालो, थोडा वेळ बाकावर बसलो आणि उठलो.